व्हिक्टोरिया क्लिम्बिए आणि नंतर: मूल गेल्यावर यंत्रणेची चौकशी होते, त्यातून निघतं काय?

नूतन_लंडन

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की परदेशात सरकार मुलांच्या बाबतीत किती जागरूक असतं आणि आपल्याकडे कुणाला काही पडलेली नाही. मी लंडनमध्ये एका काउन्सिलच्या (म्हणजे इथली स्थानिक नगरपालिका) मुलांच्या विभागात सोशल वर्कर आहे त्यामुळे ते वाचून हसावं की रडावं तेच कळेना. तिथे उत्तर लिहायला घेतलं तर लांबतच गेलं म्हणून वेगळा धागा. माझ्या हातातल्या केसेसबद्दल एक अक्षर लिहिणार नाही, विचारू पण नका. जे जाहीर आहे, छापलेलं आहे तेवढंच.

इथे ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना एक नाव पाठ असतं, व्हिक्टोरिया क्लिम्बिए. आयव्हरी कोस्टमधल्या अबिजानजवळची मुलगी. १९९८ मध्ये वडिलांची आत्या आली आणि पोरीला चांगल्या शाळेत घालते म्हणून युरोपात घेऊन गेली. आईवडिलांनी विश्वासाने पाठवली, आपल्याकडे शिकायला काकाकडे पुण्याला ठेवतात तसंच, त्यात वावगं काही नव्हतं. आधी फ्रान्स, मग एप्रिल १९९९ मध्ये लंडन, तेही दुसऱ्याच मुलीच्या पासपोर्टवर, त्यामुळे इथल्या सगळ्या कागदांवर तिचं नाव ॲना आहे. खरं नाव ती गेल्यावर कळलं. २५ फेब्रुवारी २००० ला गेली, वय ८ वर्षं, अंगावर १२८ जखमा. ती आत्या आणि तिचा मित्र दोघांना खुनासाठी जन्मठेप झाली. काय काय केलं त्याचे तपशील देत नाही, ज्यांना वाचायचंय ते शोधतीलच.

मला सांगायचंय ते वेगळंच आहे. ही मुलगी लंडनमध्ये जेमतेम दहा महिने होती आणि तेवढ्यात ती चार काउन्सिलांच्या समाजसेवा विभागांना, पोलिसांच्या दोन बालसंरक्षण पथकांना, दोन हॉस्पिटलांना आणि एनएसपीसीसी या मुलांच्या संरक्षणाचं काम करणाऱ्या मोठ्या संस्थेच्या एका केंद्राला माहीत होती. म्हणजे कुठेतरी दडवून ठेवलेलं मूल नव्हतं हो. फक्त शाळेत कधी गेलीच नाही, आणि दहा महिन्यांत हे मूल शाळेत का नाही याचा पाठपुरावा पण कुणी केला नाही.

जुलै १९९९ मध्ये ती दोन वेळा हॉस्पिटलात होती. पहिल्यांदा अंगावरचे वण बघून पोलिसांनी तिला तात्पुरतं संरक्षणात घेतलं, मग मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या ही खरूज आहे, झालं, संरक्षण उठलं आणि दुसऱ्या दिवशी परत घरी. दहा दिवसांत डोकं आणि चेहरा भाजलेला म्हणून दुसऱ्या हॉस्पिटलात, तिथे जवळजवळ दोन आठवडे. नर्सेसना दिसत होतं की ती बाई वॉर्डात आली की पोरगी ताठ उभी राहते, मालकिणीसमोर मोलकरीण उभी राहावी तशी. बऱ्याच गोष्टी नर्सेसनी पाहिल्या पण नोंदवहीत उतरल्याच नाहीत. त्यात हॉस्पिटल एका काउन्सिलच्या हद्दीत आणि घर शेजारच्या हॅरिंगेच्या हद्दीत, म्हणजे केस या टेबलावरून त्या टेबलावर. आणि खरूज हा शब्द फाइलमध्ये आला तो आलाच, पोलीस बाई आपल्यालाही लागण होईल म्हणून घर बघायला गेल्या नाहीत.

लॉर्ड लॅमिंग यांनी केलेल्या सरकारी चौकशीचा अहवाल २००३ च्या जानेवारीत छापून आला, १०८ शिफारशी. त्यांनी बारा प्रसंग मोजून दाखवले जिथे ती वाचू शकली असती, आणि त्यातल्या कुठेही फार मोठी अक्कल लागत नव्हती, रोजचं काम नीट केलं असतं तरी पुरलं असतं. जिच्या नावावर केस होती ती सोशल वर्कर सगळ्या भेटी धरून मुलीशी अर्धा तास पण बोलली नव्हती. मुलगी फ्रेंच बोलायची आणि मध्ये दुभाषी कोण, तर बऱ्याचदा तीच आत्या. हॅरिंगेने केस बंद केली तो दिवस आणि ती गेली तो दिवस एकच.

एवढं सगळं बाहेर आलं तरी माझं मत असं झालंय की या चौकश्यांमधून जे लिहून पूर्ण करता येतं तेवढंच बदलतं, फॉर्म, समित्या, सॉफ्टवेअर. मुलाजवळ बसायला माणसाला वेळ मिळणं हे तसंच्या तसं राहतं. तुम्हाला काय वाटतं? आपल्याकडे या कामात कुणी असेल तर प्लीज लिहा.

सह्याद्रीकर

वाचून सुन्न वगैरे झालो पण प्रश्न सरळ आहे. १०८ शिफारशी, दोनेक वर्षं चौकशी, मग पुढे मुलं मरायची थांबली का? नसतील तर एवढा खर्च कशाला. आपल्याकडे पण आयोग बसतात, अहवाल येतात, मंत्रालयात धूळ खातात. गोऱ्यांचा अहवाल गुळगुळीत कागदावर, एवढाच फरक.

नूतन_लंडन

@सह्याद्रीकर नाही थांबली. आणि हेच तर दुखणं आहे. २००७ च्या ऑगस्टमध्ये त्याच हॅरिंगेमध्ये पीटर कॉनेली गेला, १७ महिन्यांचं बाळ, पेपरवाले बेबी पी म्हणायचे. पन्नासच्या वर जखमा, आणि आधीच्या आठ महिन्यांत डॉक्टर, पोलीस, सोशल वर्कर मिळून साठेक वेळा कुणी ना कुणी त्याला पाहिलेलं. म्हणजे व्हिक्टोरियाच्या वेळी "कुणी बघायला गेलं नाही" म्हणावं तर इथे सगळे जात होते.

पण खर्च कशाला हे मला पटत नाही. पहिल्या अहवालानंतर २००४ चा कायदा आला, प्रत्येक काउन्सिलला मुलांच्या सगळ्या सेवांसाठी एकच जबाबदार डायरेक्टर आला, पोलीस आणि आरोग्य खातं एका मंडळात बसायला लागले, हे कायद्याने करावं लागलं म्हणजे आधी कसं असेल विचार करा. त्याच भरात इंग्लंडमधल्या सगळ्या म्हणजे १ कोटी १० लाख मुलांचा कॉन्टॅक्टपॉइंट नावाचा डेटाबेस केला, २० कोटी पौंडांच्या वर खर्च, २००९ मध्ये सुरू आणि २०१० च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारने बंद. त्यावर म्हणत असाल तर हो, तो खर्च पाण्यात.

पीटरच्या वेळी काय झालं ते अजून वाईट. एका टॅब्लॉइडने सह्यांची मोहीम काढली, दहा लाखांच्या वर सह्या, मंत्र्यांनी टीव्हीवर पत्रकार परिषद घेऊन हॅरिंगेच्या डायरेक्टर बाईंना काढल्याचं जाहीर केलं. २०११ मध्ये कोर्टाने सांगितलं हे असं काढणं बेकायदा होतं. तोपर्यंत जे व्हायचं ते झालं, देशभर सोशल वर्कर घाबरले, मुलं ताब्यात घ्यायचे अर्ज धडाधड वाढले, अनुभवी माणसं सोडून गेली आणि मोकळ्या खुर्चीत कॉलेजातून नुकतीच आलेली पोरं. मग सांगा, पुढच्या मुलाला याचा फायदा झाला का तोटा.

मुग्धा के

आमच्याकडे उलटा अनुभव आहे ना पण. नॉर्वेत २०११ मध्ये त्या बंगाली जोडप्याची दोन मुलं उचलून नेली, हाताने भरवतात म्हणे, सिनेमा पण आला त्यावर. जर्मनीत अशीच नेलेल्या गुजराती बाळाची केस तर वर्षानुवर्षं चालली. माझी बहीण युरोपात असते, ती बाळ रडलं तरी खिडक्या लावून घेते. मग यांना जास्त अधिकार द्यायचे की कमी ते आधी ठरवा.

वऱ्हाडी_मास्तरीण

अवांतर होतंय मुग्धाताई, पण मुद्दा बरोबर आहे. 

नूतन_लंडन

@मुग्धा के, अवांतर नाही वाटत मला. त्या दोन केसेसचं खरंखोटं मला माहीत नाही, कोर्टाचे सगळे कागद आपण कुणीच वाचलेले नाहीत, आणि हाताने भरवणं एवढंच कारण होतं असं मी तरी छातीठोक म्हणणार नाही. पण घाईने उचलणं आणि उशीर करणं हे दोन्ही एकाच ठिकाणाहून येतं, घरात काय चाललंय हे नीट ठाऊक नसलं की माणूस एकतर घाबरून सही करतो नाहीतर घाबरून केस बंद करतो. व्हिक्टोरिया ताठ उभी राहायची त्याबद्दल चौकशीसमोर असंही बोललं गेलं की आफ्रो-कॅरिबियन घरात मोठ्यांसमोर मुलं अशीच उभी राहतात असं समजलं. म्हणजे संस्कृतीचा आदर करता करता पोर भीतीने थरथरतंय हे कुणाला दिसलं नाही. तुमच्या बहिणीला सांगा खिडक्या उघड्या ठेव, रडणाऱ्या बाळासाठी कुणी येत नाही, आमच्याकडे तेवढी माणसंच नाहीत.

सह्याद्रीकर

बरं मग तुमच्या मते दोष कुणाचा? शेवटी ती सोशल वर्कर तर होतीच ना, अर्धा तास बोलली नाही ती.

नूतन_लंडन

होती. तिला काढलं, मुलांसोबत काम करायला बंदी पण घातली, ती बंदी पुढे अपिलात उठली. पण अहवाल वाचलात तर दिसेल, तिच्या नावावर १९ केसेस होत्या आणि ऑफिसच्याच नियमाप्रमाणे १२ च्या वर नकोत. नोकरीत नवी, सुपरवायझरने फाइल नीट वाचलेली नाही, आणि वर बसलेले साहेब लोक चौकशीत येऊन सांगतात की आम्हाला खाली काय चाललंय माहीत नव्हतं. लॅमिंग सगळ्यात जास्त चिडलेत ते यांच्यावर. त्यांचं म्हणणं, माहीत असणं हेच तुमचं काम होतं. पण नोकऱ्या गेल्या कुणाच्या, बहुतेक खालच्यांच्या.

२०११ मध्ये आयलीन मन्रो या प्राध्यापक बाईंनी सगळ्या व्यवस्थेचा आढावा घेतला, त्यांनी हेच उलगडून लिहिलं. प्रत्येक मृत्यूनंतर नियम वाढवले, ठरलेल्या दिवसांत फॉर्म भरायची सक्ती केली, मग माणसं फॉर्म वेळेत भरायला लागली आणि मूल बाजूला राहिलं. चूक कुणी केली यावर थांबायचं नाही, त्या माणसाला त्या दिवशी त्या माहितीवर तेच बरोबर का वाटलं इथपर्यंत जायचं. विमान पडल्यावर तपास करतात तसं. मला स्वतःला हा आढावा लॅमिंगपेक्षा जास्त पटतो, पण तो कुणाला आठवत नाही कारण त्याला कुठल्या मुलाचा फोटो जोडलेला नव्हता. 

आता पद्धत अशी आहे की मूल गेलं किंवा गंभीर जखमी झालं आणि छळ किंवा हेळसांड असल्याचा संशय असेल तर काउन्सिलने पाच कामाच्या दिवसांत कळवायचं, पंधरा कामाच्या दिवसांत झटपट आढावा, त्यातून गरज वाटली तर सविस्तर. शिवाय अठरा वर्षांखालचं कुठलंही मूल कुठल्याही कारणाने गेलं तरी त्या मृत्यूचा आढावा होतोच, आजार असो की अपघात.

आणि तरीही २०२० मध्ये आर्थर, सहा वर्षांचा, लॉकडाउनमध्ये गेला. आजीने अंगावरचे वण बघून कळवलेलं, फोटो होते. त्याच वर्षी स्टार, १६ महिन्यांची, नातेवाईक पुन्हा पुन्हा सांगत होते. २०२३ मध्ये सारा, दहा वर्षांची, शाळेने मार्चमध्ये वण बघून कळवलं, केस काही दिवसांत बंद, एप्रिलमध्ये घरी शिकवतो म्हणून शाळेतून काढली, ऑगस्टमध्ये गेली. तिन्हीकडे कुणीतरी आधीच बोललेलं होतं. दर वेळी अहवालात तेच, माहिती तुकड्यातुकड्यात होती, एकत्र आली नाही. १९७३ मध्ये अशीच गेलेल्या मरिया कॉलवेल या मुलीच्या चौकशीपासून हेच वाक्य थोडं फिरवून छापतायत असं आम्ही ऑफिसात म्हणतो, आणि नंतर कुणी हसत नाही.

जुनी_सदस्य

ताई धागा काढलात बरं केलंत. मी विदर्भातल्या एका जिल्ह्यात बाल कल्याण समितीवर (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबद्दल निर्णय घेणारी समिती) होते, मुदत संपून बरीच वर्षं झाली, जिल्हा सांगत नाही.

आपल्याकडे कागदावर काही कमी नाही. २०१५ चा बाल न्याय कायदा, प्रत्येक जिल्ह्यात समिती म्हणजे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, महिन्यात किमान वीस दिवस बसायचं, त्यासोबत जिल्हा बाल संरक्षण कक्ष, गावपातळीवर गाव बाल संरक्षण समिती, १०९८ ची हेल्पलाइन जी १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. गाव समितीचं विचाराल तर आमच्या भागात बऱ्याच ठिकाणी ती रजिस्टरमध्ये होती, सदस्य कोण ते सरपंचाला विचारलं तर सरपंच ग्रामसेवकाकडे बघायचे.

पण नूतनताईंनी जे विचारलं, मूल गेल्यावर काय? तर राजेहो, पोलिसात अकस्मात मृत्यूची नोंद, पोस्टमार्टेम, संशय असला तर गुन्हा, मग खटला. खटला आरोपीचा. ते मूल आधी कुणाकुणाच्या नजरेखालून गेलं, अंगणवाडीच्या, शाळेच्या, दवाखान्याच्या, आमच्या समितीच्या, हे बघायची काही ठरलेली पद्धत माझ्या काळात तरी नव्हती. पेपरात फार गाजलं तर चौकशी समिती, दोन निलंबनं, आणि बालहक्क आयोगाचं पत्र.

गंमत अशी की आरोग्य खात्यात ही पद्धत आहे! बालमृत्यू अन्वेषण म्हणतात. शून्य ते पाच वर्षांचं मूल गेलं की आशा ताईने कळवायचं, एएनएम म्हणजे उपकेंद्राची नर्स घरी जाऊन पहिली चौकशी करते, मग काही मृत्यूंची सविस्तर, घरच्यांना एकेक विचारून, ताप कधी आला, कुणाला दाखवलं, गाडी किती वाजता मिळाली, दवाखान्यात डॉक्टर होते का. तीन उशीर शोधतात, घरातून निघायला उशीर, पोचायला उशीर आणि पोचल्यावर उपचाराला उशीर. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे काम करणाऱ्यांना हे तोंडपाठ आहे. नीट केलं तर फार चांगलं हत्यार आहे, वाईट केलं तर मीटिंगच्या आदल्या रात्री भरलेला फॉर्म. पण पाच वर्षं पूर्ण झाली की संपलं. आणि त्यात प्रश्न सगळे आजाराचे, घरात मारहाण होती का, मूल कुणाकडे राहत होतं, याला जागा फारशी नाही. इंग्लंडच्या त्या मुलीसारखी आठ वर्षांची पोर नातेवाइकाकडे गेली असती तर आपल्याकडे ती या कुठल्याच फॉर्मात बसली नसती.

सह्याद्रीकर

हे मात्र माहीत नव्हतं. म्हणजे पद्धत आहे, फक्त पाच वर्षांच्या पुढे आणि मारहाणीसाठी वापरत नाही. मग समितीने मागणी का नाही केली?

जुनी_सदस्य

केली ना. आढावा बैठकीत मांडलं, "सूचना चांगली आहे" असं इतिवृत्तात आलं, विषय संपला. आरोग्य एका मंत्र्याकडे, महिला व बालविकास दुसऱ्याकडे, शाळा तिसऱ्याकडे आणि पोलीस गृहखात्याकडे. लंडनमध्ये हॉस्पिटल एका हद्दीत आणि घर दुसऱ्या हद्दीत वाचून मला हसूच आलं, आपलंच वाटलं. आणि भीती पण असते, आढावा झाला की पहिलं निलंबन अंगणवाडी सेविकेचं होणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, मग खरं सांगणार कोण. आधी लिहून द्या की इथे बोललेलं शिक्षेला वापरणार नाही, गुन्ह्याचं पोलीस बघतील, मग बघा किती बाहेर येतं.

नूतन_लंडन

हे शेवटचं वाक्य इथल्या प्रत्येक मीटिंगच्या दारावर लावायला पाहिजे. इथेही आढावा आणि शिस्तभंग वेगळे असतात असं म्हणतात, पण पेपरवाल्यांनी नाव शोधून काढलं की सगळं एकच होतं.

वऱ्हाडी_मास्तरीण

एक विचारू का, थोडं प्रत्यक्षातलं आहे. मी मूळची वऱ्हाडातली पण आता मराठवाड्यात जिल्हा परिषद शाळेवर. दिवाळीनंतर अर्धा गाव ऊसतोडीला जातो, काही पोरं हंगामी वसतिगृहात, बरीच नातेवाइकांकडे. म्हणजे तुमच्या व्हिक्टोरियासारखीच, आईबाप लांब, जबाबदार कोण ते धूसर. एखाद्या पोरीच्या हातावर वण दिसले आणि ती "पडले" म्हणाली तर मी नेमकं काय करायचं? मुख्याध्यापक म्हणतात घरच्यांना बोलवून समज देऊ. गावात राहायचंय मला पण.

नूतन_लंडन

घरच्यांना आधी बोलावू नका, निदान वण कुणाकडून आले ते कळेपर्यंत. तिला खोदून विचारू पण नका, पुन्हा पुन्हा विचारलं की मुलं आपल्याला हवं ते सांगतात. एकटीला, घाई नसताना, "काय झालं गं" एवढंच, आणि मग गप्प बसायचं. ती जे बोलेल ते तिच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहा, तारीख, वेळ, वण कुठे, केवढा. "पडले" म्हणाली तर तेही लिहा. व्हिक्टोरियाच्या नर्सेसनी जे पाहिलं ते लिहिलं असतं तर पुढच्या माणसाच्या हातात काहीतरी असतं.

जुनी_सदस्य

त्यात माझी भर. जीवाला धोका वाटला तर तिथल्या तिथे १०९८ किंवा ११२, वाट बघू नका. तसं नसेल तर पत्र जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, प्रत बाल कल्याण समितीला, शक्यतो मुख्याध्यापकांच्या सहीने, म्हणजे गावात तुमचं एकटीचं नाव होत नाही. ते सही करत नसतील तर तुमच्या सहीने, कायद्याने कुणालाही कळवता येतं. लैंगिक अत्याचाराचा संशय असला तर मात्र पर्याय नाही, पोक्सोखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हाच गुन्हा. पत्र पोस्टाने टाकून मोकळं होऊ नका, कुणाला तरी पाठवून आवक क्रमांक घेऊन या, आणि पंधरा दिवसांनी तोच क्रमांक टाकून दुसरं पत्र. आमच्या टेबलावर पहिलं पत्र गठ्ठ्यात जायचं, दुसरं आलं की लिपिक पहिलं शोधायचा.

वऱ्हाडी_मास्तरीण

आवक क्रमांकाचं लक्षात ठेवते. मुख्याध्यापकांना हा धागाच वाचायला देते, सहीचं सोमवारी बघू.